शनिवारचे तेल आणि रविवारचा चेंडू

मित्रांनो, वारज्यात रणजितच्या घरी दाराशेजारच्या खुंटीवर चामड्याची एक जाडजूड, पोटात वाकलेली वस्तू टांगलेली असते. नव्या पाहुण्याला ती फाटकी उशी वाटते. ती वस्तू म्हणजे मी. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा जो गडी असतो, त्याला कॅचर म्हणतात. त्याच्या डाव्या हातातला मी मोठा हातमोजा. मैदानावरची पोरे मला मिट म्हणतात. माझ्या तळव्यावर हळदीचा ठिपका आहे आणि शिवणीत पांढरी पूड अडकलेली आहे. जालंधरच्या कारखान्यातून निघालो तेव्हा यातले काहीच माझ्या अंगावर नव्हते.

तिथे एका कारागिराने चामड्याचे तुकडे कापले आणि चामड्याच्या वादीने मला घट्ट ओवले. वारजे संघाने वर्गणी काढून मला मागवले. तेव्हा मी लाकडासारखा ताठ होतो. रणजित जवळच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. कामावरून आला की तो माझ्या पोटात मुठीने ठोसे मारत बसे. निजताना पोटात चेंडू ठेवून मला दोरीने बांधायचा आणि गादीखाली ठेवायचा. असे महिनोन्‌महिने चालले, तेव्हा कुठे माझ्यात चेंडूच्या मापाचा खड्डा पडला. त्या खड्ड्यात चेंडू बसला की 'फट्' असा आवाज येतो. त्या आवाजासाठीच माझा जन्म आहे, असे मी समजतो.

मैदानावर माझे तोंड पिचरकडे असते. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. पाठ मात्र प्रेक्षकांकडे. जाळीच्या पलीकडे सिमेंटच्या तीन पायऱ्या आहेत, त्यावर आमचे चाहते बसतात. त्यामुळे संघातल्या बाकी कोणाला ऐकू येत नाही ते मला सगळे ऐकू येते. बरे आणि वाईट, दोन्ही.

आता रणजितच्या आईंविषयी सांगायला हवे. त्यांचे नाव दुर्गाबाई. उठल्यावर तुळशीला पाणी, मग देवपूजा, मग चहा. सोमवारचा उपास, गुरुवारचा उपास, आणि शनिवारी मारुतीला तेल वाहिल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. अशा घरात चामड्याची वस्तू देवघराच्या बाजूला कशी चालेल? म्हणून मला दाराजवळची खुंटी मिळाली. पहिली काही वर्षे दुर्गाबाईंनी मला बोटही लावले नाही. केर काढताना झाडूच्या दांड्याने मला अलगद बाजूला सारायच्या, तेही राग न धरता.

मग एका खंडेनवमीला त्यांनी पाटावर कोयता, खुरपे आणि रणजितचे पाने-पक्कड मांडले. हळदीकुंकू वाहताना त्यांचा हात थांबला. त्या रणजितला म्हणाल्या, "तुजं ते हत्यार कुठंय? आन की त्येबी."

"आई, चामड्याचं आहे ते."

"ढोलकीबी चामड्याचीच असती. ती चालती की देवाम्होरं."

त्या दिवशी मी पाटावर बसलो. हळदीचा ठिपका तेव्हाचा. त्यानंतर दुर्गाबाई मला रोज कोरड्या फडक्याने पुसू लागल्या.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात एक वेगाचा चेंडू माझ्या काठावर आदळला. माझ्या आत रणजितच्या डाव्या हाताचा अंगठा होता, तो जायबंदी झाला. हाड सांधले, पण थंडीत अंगठा ठणकायचा. दुर्गाबाईंनी कोणाला न सांगता नवा नेम धरला. शनिवारी मारुतीला तेल वाहायचे, वाटीच्या तळाशी थोडे राखून ठेवायचे आणि घरी येऊन ते माझ्या तळव्यावर चोळायचे. माझ्यातला हात सुखरूप राहावा म्हणून. मारुतीच्या पायाशी वाटी टेकवलेली असे, त्यामुळे तेलाला शेंदराचा किंचित रंग असे. चोळताना त्यांचे ओठ हलत. मला ते फार बरे वाटे, हे मी लपवणार नाही.

पण मित्रांनो, बरे वाटणे वेगळे आणि मानवणे वेगळे. चामड्याला तेल लागते ते वर्षातून एकदा-दोनदा, तेही बोटभर. दर आठवड्याला मिळू लागल्यावर मी जड झालो. माझी वादी सैल पडली. पोटातला खड्डा ढिला आणि बुळबुळीत झाला.

आमच्या लीगचे सामने चैत्रात सुरू होतात आणि दर रविवारी असतात. यंदा गुढीपाडवाच रविवारी आला, त्या दिवशी पहिला सामना झाला. विश्रांतवाडीशी आम्ही हरलो. रणजितच्या हातून तीन चेंडू निसटले. कॅचरच्या हातून चेंडू सुटला की बेसवर, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या थांब्यावर, थांबलेला गडी पुढे पळतो, आणि तसाच पळत फलंदाजाच्या जागी, म्हणजे 'घरी', परत आला की धाव होते. पुढच्या रविवारी रामनवमी होती. त्या दिवशीही तेच झाले.

मधल्या बुधवारी सराव होता. तोवर तेल जरा मुरलेले असे आणि मी सगळे चेंडू झेलत असे. म्हणून तर कोणाला काही उलगडेना. रणजित शांत माणूस. त्याला वाटे, आपला हातच जड झाला. जड मी झालो होतो.

पायऱ्यांवर आमचे दोन ठरलेले चाहते असतात. एक रावसाहेब, टपाल खात्यातून निवृत्त. दुसरी निशा, आयटीत नोकरी करणारी. ती लहानपणी याच मैदानावर सॉफ्टबॉल खेळली. तिच्या फोनवर साऱ्या लीगची खबर असते. तिसऱ्या रविवारी सामना सुरू होण्याआधी त्यांचे बोलणे चालले होते.

"काका, कात्रजचा मेन पिचर आज नाहीये. त्याची कंपनी हिंजवडीला शिफ्ट झाली, प्रॅक्टिसच नाही."

"मग आज आपल्याला हरायला जास्त मेहनत पडेल," रावसाहेब म्हणाले.

"आणि विश्रांतवाडीवाले दोन्ही मॅच जिंकलेत. टॉपला आहेत."

"असणारच. पहिली आपल्याशीच होती ना."

"धनकवडीच्या फर्स्ट बेसवर खेळणाऱ्याचं लग्न ठरलंय. मे महिन्यात."

"म्हणजे मेनंतर त्याच्याही हातून सुटणार. आपल्या रणजितचं तर लग्नाशिवायच सुटतंय."

निशा हसली, मग हळू आवाजात म्हणाली, "सर्जेराव सरांनी सांगून टाकलंय. आज चुकला तर पुढच्या सगळ्या मॅचेसना प्रज्ञेश."

सर्जेराव आमचे प्रशिक्षक. प्रज्ञेश बावीस वर्षांचा, रणजितनेच शिकवलेला. रणजित छत्तिशीत आला होता. या वयात बाहेर बसलेला कॅचर परत आत येत नाही, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक असते. रणजितलाही होते. सकाळी मला पिशवीत घालताना तो थोडा वेळ नुसताच हातात धरून उभा होता.

त्यात हनुमान जयंती आदल्याच दिवशी होती आणि शनिवारही होता. दुर्गाबाईंनी सूर्योदयाला एकदा आणि संध्याकाळी एकदा, असे दोनदा मला तेल लावले होते. वाटी अगदी निपटून.

त्या दिवशी दुर्गाबाई पहिल्यांदाच मैदानावर आल्या. जयंतीचा सुंठवडा पोरांना वाटायचा होता. त्या डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या, नेमक्या रावसाहेबांच्या शेजारी. या रणजितच्या आई, हे रावसाहेबांना माहीत नव्हते.

पहिल्याच डावात माझ्यातून चेंडू निसटला. कात्रजचा गडी पळाला. दुसऱ्या डावात पुन्हा निसटला आणि त्यांची धाव झाली.

"कॅचरनं हाताला लोणी लावलंय," रावसाहेब म्हणाले.

दुर्गाबाईंनी विचारले, "का वो भाऊ, चेंडू सुटतोय त्यो त्येच्या हातनंच का?"

"नाही, माझ्या. मी इथून सोडतोय."

दुर्गाबाईंनी डब्याचे झाकण दाबून बसवले. मग म्हणाल्या, "लई वर्सं खेळतोय म्हनं त्यो."

"हो ना. आता विश्रांती घ्यावी. आम्हालाही मिळेल."

तिसऱ्या डावात आणखी एक चेंडू सुटला. सर्जेरावांनी पंचांकडे हात केला आणि रणजितला बाहेर बोलावले. रणजितने मला हातातून काढले आणि स्वतःच प्रज्ञेशच्या हातात चढवले. त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "खाली बस नीट. घाबरू नकोस." मग तो जाळीजवळ जाऊन उभा राहिला, पायऱ्यांकडे पाठ करून. आई मागे बसली आहे हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच तो वळला नाही.

प्रज्ञेशचा हात ताजा आणि नजर तेज. पहिला चेंडू आला आणि माझ्या मधोमध बसला. लगेच साबणाच्या वडीसारखा बाहेर सटकला. दुसराही तसाच गेला. तिसरा अडवताना प्रज्ञेशला छाती पुढे करावी लागली. रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

तिसरा चेंडू त्याच्या छातीवरून उडून घरंगळत जाळीपर्यंत आला. प्रज्ञेश तो उचलायला आला, तेव्हा दुर्गाबाईंनी चेंडूकडे पाहिले. पांढऱ्या चेंडूवर केशरी ओघळ होता. तो रंग त्यांच्या दर शनिवारच्या ओळखीचा होता. त्या उठल्या, डबा रावसाहेबांच्या मांडीवर ठेवला आणि जाळीशी गेल्या.

"रणजित," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "ह्याला त्याल लावलंय. दर शनवारी. म्याच लावते."

रणजित वळला. "कसलं तेल, आई?"

"मारुतीचं. तुज्या अंगठ्यासाठी."

रावसाहेबांच्या मांडीवर सुंठवड्याचा डबा होता. ते त्याच्याकडेच बघत बसले.

रणजित रागावला असता, ओरडला असता, तर मला समजले असते. त्याने फक्त डोळे मिटले आणि उघडले. मग म्हणाला, "मग आता काढायचं कसं ते? तूच सांग."

दुर्गाबाईंनी मैदानाकडे पाहिले. फलंदाजाच्या चौकटीच्या पांढऱ्या रेषा आखलेल्या होत्या आणि कडेला फक्कीची बादली होती. "ती रांगोळी द्या की मूठभर," त्या म्हणाल्या. निशा पळत जाऊन बादलीच घेऊन आली.

डाव संपला होता. पंचांनी थोडा वेळ दिला. दुर्गाबाई मातीतच मांडी घालून बसल्या आणि मला मांडीवर घेतले. तेलकट समया राखेने घासतात तशी त्यांनी फक्की माझ्या पोटात चोळली. पूड पिवळी झाली की पदराने झाडायच्या आणि नवी घ्यायच्या. ज्या बोटांनी तेल लावले होते त्याच बोटांनी ते काढले. रणजितने शेजारी बसून माझी वादी आवळली. कोण काय करणार हे ठरल्यासारखे चालले होते.

मग रणजितने मला प्रज्ञेशपुढे धरले. प्रज्ञेशने हात मागे घेतला.

"नाही दादा. तुम्ही बसा."

"सरांनी तुला सांगितलंय."

"सरांनी माझे तीन सुटलेलेही बघितलेत," प्रज्ञेश म्हणाला. "आणि उद्या चौदा एप्रिल आहे. मला मिरवणुकीत ढोल वाजवायचाय, त्याला अंगठा शाबूत हवा." तो हसला.

सर्जेरावांनी होकाराची मान हलवली; आमच्या लीगमध्ये बाहेर गेलेल्या गड्याला एकदा परत येता येते. रणजित पुन्हा खाली बसला. पुढचा चेंडू आला आणि माझ्या पोटात 'फट्' वाजला. कितीतरी दिवसांनी वाजला. पायऱ्यांवरून कोणीतरी टाळी वाजवली. शेवटपर्यंत एकही चेंडू सुटला नाही. एका धावेने आम्ही तरीही हरलो, कारण आधी गेलेल्या धावा परत येत नाहीत. पण सर्जेरावांनी घरी निघताना मला रणजितच्याच पिशवीत टाकले.

रावसाहेब डबा परत द्यायला आले. उभे राहून म्हणाले, "बाई, हातांबद्दल बोललो ते मागे घेतो. बॅटिंगबद्दल अजून बोललेलो नाही, ते राखून ठेवतो."

"घ्या वो भाऊ, सुंठवडा तरी घ्या," दुर्गाबाई म्हणाल्या.

"घेतला. जरा जास्तच घेतला. मांडीवर होता ना."

मित्रांनो, त्यानंतरचा शनिवार मला नीट आठवतो. दुर्गाबाई देवळातून आल्या. वाटीच्या तळाशी तेल होते, नेम मोडलेला नव्हता. त्या खुंटीपाशी आल्या, कोरड्या फडक्याने मला पुसले आणि थबकल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या. रणजित जेवून उठत होता.

"बस. हात आन हिकडं."

त्यांनी त्याच्या डाव्या अंगठ्याला तेल लावले. हाड सांधलेल्या जागी हळूहळू चोळले, ओठ हलत होते. रणजित लहान मुलासारखा बसून राहिला. रविवारी सकाळी त्याने साबणाने हात स्वच्छ धुतले, पुसले आणि मग माझ्यात घातले. आतून मला कळले, अंगठा उबदार होता आणि ठणकत नव्हता.

तुमच्या घरातही जुन्या वस्तू असतील, मित्रांनो. त्यांना विसरू नका, उन्हापावसात टाकू नका. पण माया करताना हेही बघा, की जिला जे मानवते तेच आपण देतो आहोत ना. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही जड होतो, सैल होतो, चेंडू सोडतो, तेवढेच आमचे सांगणे. मला कोरडे फडके पुरते. तेल ज्याचे दुखते त्याला लावा.