बर्फातली बाटली

थंडीतल्या एका सकाळी धर्मराजनं तेलाचा डबा गुरुलिंगअप्पांच्या पुढ्यात ठेवून झाकण काढलं. तळाशी पांढरट थर बसला होता.

"करडईचं म्हणून नेलतं अप्पा. डॉक्टरनं घरच्यांच्या काळजासाठी हेच सांगितलंय. मग हे गोठलं कावून?"

"माझ्या घाण्यात भेसळ होत न्हाई," अप्पा म्हणाले. दुकानासमोर माणसं जमू लागली. अप्पांनी लेकीकडं पाहिलं. "शिवानी, तूच सांग यांना."

शिवानी संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत तेलंच तपासायची. सुट्टीला सिरसाळ्यात आली होती. थर पाहताच तिला पामतेलाचा संशय आला. करडईच्या तेलात मुख्यतः लिनोलिक आम्ल. त्याचे रेणू वाकडे, एकमेकांना बिलगत नाहीत, म्हणून ते थंडीतही वाहतं. पामच्या फळाच्या तेलात चाळीस टक्क्यांवर पामिटिक आम्ल, त्याचे रेणू सरळ. जरा गारवा लागला की एकावर एक रचून बसतात.

"बर्फात ठेवून बघू," ती म्हणाली. "करडई असंल तर पातळच राहील."

शेजारच्या रसवंतीतून बर्फ आला. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ केदारनाथ तिच्याजवळ सरकला. दोन वर्षांपासून घाणा तोच बघायचा. त्यानं हळूच एक भरलेली बाटली तिच्या हातात दिली.

"अक्का, ही ठेव. ही चोख हाय."

शिवानीला सगळं कळलं. ही बाटली बर्फात ठेवली की अप्पांची मान ताठ राहणार होती. समोर धर्मराज उभा होता, डब्याच्या कडीवरची बोटं घट्ट आवळून.

तिनं बाटली बाजूला ठेवली. "धर्मराजकाका, मागच्या टाकीतून तुमीच तेल काढा."

धर्मराजनं दुसरी बाटली भरून बर्फात रोवली. अर्धा तास गेला. बर्फातल्या बाटलीत आधी धुकं उतरलं, मग पांढरे कण, मग थर. केदारनाथ मागच्या दारानं निघून गेला होता.

अप्पा खाली बसले. बाटलीतला थर न्याहाळत म्हणाले, "किती मिसळलंय?"

"बर्फानं ते कळत न्हाई अप्पा. प्रयोगशाळेत कळंल."

आठवड्यानं तिनं संभाजीनगरहून फोन केला. पामिटिक चोवीस टक्के निघालं होतं. निव्वळ करडईत ते सात असतं. "म्हंजे जवळजवळ अर्धं."

"अर्धं," अप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यांनी विकलेले डबे परत मागवले, टाक्या रिकाम्या करून धुतल्या. चौथ्या दिवशी केदारनाथ दारात येऊन उभा राहिला. अप्पांनी प्रयोगशाळेतून आलेल्या अहवालाचा कागद त्याच्या हातात दिला.

"दुकानाच्या दारावर चिकटव. अन् कुणी विचारलं, तर तूच सांगायचं."

केदारनाथनं कागद चिकटवला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. पहिला वाचायला आला तो धर्मराज.