अराबाच्या चार ओळी

"अकरा!" नाना क्वामिनांनी टेबलावर बोट आपटलं. "आर्थरांच्या विधवेच्या पानावर अकरा जड शब्द होते. आमच्या वहिनीच्या पानावर नऊच? अरे, माझा भाऊ गेलाय, कोंबडी नाही!"

सॉल्टपाँड या किनाऱ्यावरच्या गावाच्या बाजारात एकोचं टायपिंगचं दुकान होतं. अंत्यविधीला वाटायच्या पुस्तिका तो इंग्रजीत लिहून, छापून देई. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं श्रद्धांजलीही तोच रची. 'फरदरमोअर', 'नॉटविदस्टँडिंग' हे त्याचे हुकमी शब्द. बावीस वर्षांत त्यानं एकाही मृताची साध्या 'बट'वर बोळवण केली नव्हती. नानांना इंग्रजी वाचता येत नसे. शब्दाचं वजन ते लांबीवरून ठरवत, मासळीसारखं.

एकोनं आणखी दोन शब्द घातले. मृताची काही हरकत दिसली नाही.

मग बाकावर बसलेली ती वहिनी, अराबा, उठली. सहावीपर्यंत शिकलेली, मासे विकणारी बाई. तिनं आपल्या नावाचं पान बोट ठेवून वाचलं.

"मास्तर, ही बाई कोण?"

"तुम्हीच की, ताई."

"मी? अशी बोलले असते तर त्यानं विचारलं असतं, कोर्टातून आलात का? चाळीस वर्षं बोललोय आम्ही. शेवटचं बोलणं तरी माझं असू द्या."

"वहिनी, गाव हसेल."

"हसू दे. नवरा माझा गेलाय, गावाचा नाही."

नाना उठले. "मास्तर, एक जरी शब्द कमी केलास, तर आमच्या घरची पुढची मयत दुसऱ्या दुकानात!" असं बजावून ते निघून गेले.

पुढची मयत बहुधा नानांचीच असणार होती. एकोनं थोडा हिशेब केला आणि कोरा कागद चढवला.

"सांगा, ताई."

ती 'बट' म्हणाली, त्यानं 'बट' टाइप केलं. बोटं सवयीनं लांब शब्दाकडे धावत. तो त्यांना माघारी आणी. चार ओळींत सगळं संपलं. उरलेलं पांढरं पान पाहून, आपणच चारचौघांत उघडे पडल्यासारखं त्याला वाटलं.

शनिवारी मांडवात पुस्तिका वाटल्या. पुरुषांच्या रांगेत, कुटुंबप्रमुखाच्या खुर्चीत बसलेल्या नानांनी एकोला हाताला धरून खाली बसवलं.

"अर्धं पान रिकामं! आमचं दुःख मध्येच संपलं का? वाच काय लिहिलंयस ते!"

एकोनं त्यांच्या कानाशी, घरच्या भाषेत वाचलं:

"तो घोरायचा, म्हणून मला झोप लागायची नाही.
आता तो घोरत नाही.
पण झोप लागत नाही.
आणि तक्रार करायची, तर त्याच्याचकडे."

नानांनी त्या चार ओळींवर बोट ठेवलं.

"पुन्हा वाच."

एकोनं पुन्हा वाचलं. नाना उठले. कुटुंबप्रमुखाची ती जड खुर्ची त्यांनी स्वतःच उचलली, सगळ्यांदेखत मांडव ओलांडला आणि बायकांच्या रांगेत, अराबाच्या शेजारी नेऊन ठेवली.