बायनाबाईची सही

खुशबूने कटिंग मशीनच्या पात्याच्या नळीची टोपी अर्धा आटा फिरवली आणि बाहेर आलेलं टोक बोटाच्या पेराने चाचपलं. जेमतेम लागलं. स्टिकर कापायला एवढं पुरतं. वरचा थर कापला जातो आणि खालचा कागद शाबूत राहतो. पण आज मशीनवर स्टिकर नव्हतं. जाड, पारदर्शक स्टेन्सिल शीट होती आणि ती आरपार कापायची होती. तिने टोपी आणखी थोडी फिरवली.

"लागन का वेळ?" दारातल्या खुर्चीवरून दिनेशने विचारलं. "बांबूचा ट्रक भरून उभा हाय गावात."

"पह्यले चौकोन कापून पाहू द्या, भाऊ. पातं कमी निघालं तं कापत नाई, जास्त निघालं तं फाडते."

दिनेश तिशीचा, गावच्या ग्रामसभेच्या समितीचा सचिव. त्याच्या शेजारी स्टुलावर बसलेली बायनाबाई उसेंडी त्याच समितीची अध्यक्ष आणि त्याच्या आईची मोठी बहीण. तिचा उजवा हात मांडीवर होता, कुणी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा. हिवाळ्यात तिला लकवा मारला होता. पाय सुधारला, जीभही सुधारली. हात मात्र पेन धरायचा आणि भलतीकडेच जायचा.

गावातून बांबू बाहेर जायचा तर परवान्यावर तिची सही लागे. मागच्या खेपेला नाक्यावर सही जुळेना म्हणून गाडी अडली. तेव्हापासून गावात दोघं-तिघं अध्यक्ष बदला म्हणत होते. दिनेशने अंगठा सुचवला होता. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

धानोऱ्यात हे काम करणारं खुशबूचं एकच दुकान. तिने जुन्या परवान्यावरच्या सहीचा फोटो घेतला, ती सही संगणकावर रेघेरेघेने उतरवून घेतली आणि पेन जाईल एवढी रुंद केली. अक्षरांच्या खाचेत पेन घातलं की हाताला दुसरीकडे जायला वाट राहणार नव्हती.

"वरची रेघ कापत नाई, बाई," तिने सांगितलं. "ते कापली तं सगळे अक्षरं एकमेकाले जुळतीन आणि शीट लोंबन."

"राहू दे. वरची रेघ मी मारीन."

खुशबूने माऊसवरचा हात काढला.

"पण चालते का असं? सही म्हणून?"

"पट्टी धरून रेघ मारली तं ते रेघ पट्टीची होते का?" बायनाबाई म्हणाली. "अंगठा मी लय वर्सं लावला. पोरं मोठी झाल्यावर शिकली मी सही. आता परत अंगठ्यावर नाई जाणार."

खुशबूने मशीन सुरू केलं. पहिला चौकोन सुटलाच नाही. पातं वाढवून कापलेला दुसरा सुटला, म्हणून तिने सही लावली. पातं वळणावर अडकलं, शीट ओढली गेली आणि 'य'चा कोपरा फाटला. तिने ती शीट काउंटरवर टाकली, टोपी केसभर मागे घेतली, मशीनची गती कमी केली.

पुढची शीट स्वच्छ निघाली. खुशबूने ती कागदावर ठेवून बायनाबाईच्या बोटांत पेन दिलं. 'ब' निघाला, 'य' निघाला. 'न'च्या गाठीपाशी पेन अडकलं.

"खाच बारीक झाली," खुशबू म्हणाली. "बारीक रिफिल असती तं गेली असती. थांबा, अजून रुंद करतो."

तिने तीही काउंटरवर ठेवली आणि संगणकाकडे वळली.

"आता जे निघन ते दोन काढा," दिनेश म्हणाला. "एक हरवली तं पंचाईत."

खुशबूने बायनाबाईकडे पाहिलं.

"दोन काऊन?" बायनाबाई म्हणाली. "हात माहा एकच हाय न."

दिनेश हसला. खुशबूने नवी शीट लावली. मशीनच्या काळ्या झाकणात मागचा काउंटर दिसत होता. दिनेशचा हात काउंटरवर आला, तिथून शर्टाच्या खिशाकडे गेला. पातं सरकत राहिलं. खुशबूने मान वळवली नाही.

या वेळी अक्षरं नखाने ढकलताच टपटप खाली पडली. बायनाबाईने पेन घातलं. तिचा श्वास ऐकू येत होता. शेवटच्या अक्षरानंतर खुशबूने शीट उचलली. खाली 'बायना उसेंडी' होतं, डोक्यावर रेघ नसलेलं. बायनाबाईने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि रेघ ओढली. ती वाकडी गेली, मध्ये तुटली, पण टोकापर्यंत पोचली.

"माहीच हाय," ती म्हणाली.

दिनेशने तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. सरकारी दवाखान्यात तिच्या उशाशी तोच बसून होता. तिला भात भरवायचा तोच.

"हे मशीनच्या पोटात राह्यते का?" बायनाबाईने विचारलं.

"राह्यते. फाईल असते."

"मिटव."

खुशबूने तिच्या देखत ती मिटवली.

"आणि बिघडलेल्या?"

काउंटरवर फाटकी शीट होती. तेवढीच. खुशबूने ती उचलली आणि कैचीही काढली, पण कुणाकडे द्यावी ते तिला कळेना.

"त्याच्यापाशी दे. मले एका हातानं कैची धकत नाई. दिनेश, बारीक कर."

दिनेशने कापायला सुरुवात केली. फाटक्या शीटचे तुकडे झाले, तुकड्यांचेही तुकडे झाले. मग कापायला काही उरलं नाही आणि कैची त्याच्या हातात उघडीच राहिली. बायनाबाई रस्त्याकडे पाहत होती. खुशबूने पुसलेला काउंटर पुन्हा पुसला.

दिनेशने खिशातून शीट काढली.

"हे बी राह्यली होती," तो म्हणाला. मग म्हणाला, "कधीबी ट्रक येते. दरखेपेले तुले उठवा लागते, मोठीमाय."

बायनाबाईने गोंडीत त्याला काही विचारलं. त्याने मान हलवली, हो की नाही ते खुशबूला समजलं नाही, आणि तीही शीट कापली. हिला जास्त वेळ लागला.

बाहेर त्यांच्या गावाकडची बस येऊन थांबली. बायनाबाईने चांगली शीट उचलून दिनेशपुढे धरली.

"ठेव तुयापाशी. मले बटव्याची गाठ सोडता येत नाई."

दिनेशने कैची खाली ठेवली. मग त्याने शीट दोन्ही हातांनी, कडांना धरून घेतली.

बायनाबाई उठली. दुकानाची पायरी उंच होती. तिने नेहमीसारखा डावा हात त्याच्या दिशेने लांबवला आणि थांबली. दिनेशचे दोन्ही हात अडकलेले होते. कंडक्टर हाका मारत होता. दिनेशने शीट खिशात घातली, आणि तिचा हात धरला.