डिकीतल्या स्टेपनीची खंडेनवमी

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. स्टेपनी म्हणजे मोटारीचं पाचवं चाक. चार चाकं रस्त्यावर पळतात आणि पाचवं डिकीत पडून असतं. लोक म्हणतात, गाडी चार चाकांवर चालते. म्हणोत बापडे. मला त्याचा मुळीच राग येत नाही, असं मी सांगणार होते; पण स्वतःची गोष्ट सांगताना खोटं बोलू नये. मला राग येतो.

१९९८ साली एका कारखान्यात आम्ही पाच भावंडं जन्मलो. पत्रा तोच, साचा तोच, काळा रंगही एकाच पिंपातला. आमच्या टायरची रुंदी एकशे पंचाहत्तर मिलिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी कमी. कामगारानं हाताला लागतील ती चार चाकं उचलून गाडीखाली लावली. उरले ती मी. तेवढ्यावर माझं नशीब ठरलं.

गाडी लाल रंगाची होती आणि तिचं इंजिन सोळाशे सीसीचं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. दोन वर्षं वापरलेली ती गाडी नाशिक रोडच्या प्रफुल्लनं घेतली. प्रफुल्ल सरकारी छापखान्यात नोकरीला होता. घरी त्याची आई अक्काबाई आणि धाकटी बहीण अंजली. अंजलीचं डी.एड. झालं होतं आणि ती नेमणुकीच्या पत्राची वाट बघत होती. आई आणि बहिणीनंतर प्रफुल्लचं प्रेम होतं ते या गाडीवर. तिला शिंक आली तरी तो जेल रोडच्या गोटीराम मिस्त्रींकडे धावायचा.

गोटीराम मिस्त्री हे फार कमी बोलणारे गृहस्थ. पण दर सर्व्हिसिंगला ते चार चाकांची हवा बघून झाली की डिकी उघडायचे आणि माझीही हवा बघायचे. मला न सांगता, न विचारता. तीन-चार वर्षांत माझ्याशी एवढं चांगलं फक्त तेच वागले.

प्रफुल्लला वेगाची आवड होती. शहराबाहेरच्या माळावर हौशी मंडळी घड्याळ लावून गाड्या पळवायची, तिथे तो सुट्टीच्या दिवशी जायचा. चौदा गाड्यांत त्याचा नंबर अकरावा आला. इंजिन जोरदार होतं, पण वळणावर माझी भावंडं किंचाळायची आणि गाडी बाहेर फेकली जायची. अरुंद टायर रस्ता कमी धरतो, हे खरं आहे. माझीच जात आहे म्हणून मी ते नाकारणार नाही.

मग २००२ च्या सप्टेंबरात प्रफुल्लनं चार नवी चाकं आणली. चकचकीत अलॉयची, पाच पाकळ्यांची, त्यांच्यावर दोनशे पाच मिलिमीटर रुंदीचे टायर. गोटीरामांना न विचारता एका झगमगीत दुकानातून ती बसवून घेतली. गाडी एकदम पैलवानासारखी दिसू लागली. माझी चारही भावंडं सायखेड्याच्या एका शेतकऱ्यानं नेली आणि भाजीपाल्याच्या गाडीला लावली. पाचवं अलॉय प्रफुल्लनं घेतलं नाही. तो रुंद टायर डिकीतल्या खोबणीत बसतच नव्हता. म्हणून मी राहिले. आवडीनं नव्हे, अडचणीनं.

नवी चाकं दाखवायला प्रफुल्ल मिरवत गोटीरामांकडे गेला. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"भाऊ, टायर लय बाहेर आलंय. मोजलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"दुकानात मोजलं ना, काका. चांगली जागा आहे मध्ये."

"गाडीत कोण बसलं होतं तवा?"

"कोणी नाही. गाडी जॅकवर होती."

गोटीराम हसले नाहीत. त्यांनी मागच्या उजव्या टायरच्या आणि मडगार्डच्या मध्ये बोट घातलं. ते दुसऱ्या पेराशी अडकलं.

"मागं माणसं बसवा, डिकीत एक पोतं टाका आन् मग हेच बोट घालून दाखवा," ते म्हणाले. "मडगार्डची कड आतून वाकवावी लागंल. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

"काका, ही शर्यतीची गाडी आहे, वडापची जीप नाही. मागे बसतंय कोण? मी एकटाच तर असतो."

"आज एकटे हायेत," गोटीराम म्हणाले.

जाता जाता त्यांनी डिकी उघडली आणि माझ्यात हवा भरली. जुन्या चाकांचे चार नट डिकीत इकडेतिकडे लोळत होते. ते गोळा करून त्यांनी फडक्यात बांधले आणि माझ्या पोकळीत घट्ट खोचून ठेवले. "नव्या चाकाचे नट हिला बसायचे नाय. हे हितून हलवू नका," असं ते म्हणाले. प्रफुल्लनं मान हलवली. त्यानं ऐकलं नव्हतं, फक्त मान हलवली होती.

महिन्याभरानं खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे घरोघर हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-कुदळ पुजतो, सुतार करवत पुजतो आणि गाडीवाला गाडी पुजतो. एकदा पूजेला मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नसतं, त्या दिवशी त्याला विश्रांती असते, हा अक्काबाईंच्या माहेरचा कडक नेम. प्रफुल्लनं सकाळीच डिकीतून जॅक आणि पाना काढला, धुतला, पाटावर मांडला. अक्काबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. चार नव्या चाकांनाही कुंकू लागलं, बॉनेटवर हार चढला. मी डिकीत अंधारात होते. झेंडूचा वास तेवढा आत आला.

अकराच्या सुमाराला जुन्या घराजवळच्या सुमनबाई धापा टाकत आल्या. प्रफुल्लनं उन्हाळ्यातच घर बदललं होतं आणि नवा पत्ता कळवायचा राहून गेला होता. अंजलीच्या नावाचं सरकारी पत्र आठ दिवस सुमनबाईंच्या फळीवर पडून होतं. पोस्टमननं ते त्यांच्या घरी दिलं तेव्हा त्या माहेरी गेल्या होत्या.

पत्र नेमणुकीचं होतं. नामपूरच्या वाटेवरची एक प्राथमिक शाळा. हजर होण्याची शेवटची तारीख होती त्याच दिवसाची, सोमवारची. शाळा पाचला सुटणार. हजर झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार. अंजलीनं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना तिला अक्षरं दिसेनात. दोन वर्षं ती या कागदासाठी थांबली होती.

"रडतेस काय? गाडी आहे ना!" प्रफुल्ल म्हणाला. "तीन तासांत पोचवतो."

घरात एकच धावपळ उडाली. परक्या गावात मुलगी राहणार म्हणून ट्रंक मागच्या सीटवर गेली आणि गादी, स्टोव्ह, भांडी आणि बाजरीचं अर्धं पोतं असा सगळा संसार माझ्या अंगावर येऊन पडला. अक्काबाईही निघाल्या. निघताना प्रफुल्लनं पाटावरच्या जॅककडे हात नेला.

"हात लावू नको! उद्यापर्यंत उचलायचं नाय, म्हणजे नाय," अक्काबाई म्हणाल्या.

"आई, रस्त्यात लागलं तर?"

"आजच्या दिवशी पोरगी पहिल्या कामाला चाललीय. अपशकुन नको मला."

प्रफुल्ल क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "जाऊ दे. महिन्याचे टायर आहेत. कशाला लागतोय जॅक?" आईचा भरवसा नेमावर आणि मुलाचा टायरांवर. माझा कुणावरच नव्हता, पण मला विचारतो कोण?

साडेबाराला आम्ही निघालो. मागे ट्रंक, शेजारी अक्काबाई, पुढे बहीणभाऊ आणि डिकीत मी. पिंपळगावच्या अलीकडेच एका खड्ड्यात गाडीचं बूड खाली बसलं आणि उजव्या अंगाला 'खर्र' असा आवाज आला. मडगार्डची धारदार कड टायरच्या खांद्याला लागत होती. मी तिथून हातभर अंतरावर होते, मला जळक्या रबराचा वासही आला.

"दादा, मागून आवाज येतोय," अंजली म्हणाली.

"ट्रंक सरकली असेल," असं म्हणून प्रफुल्लनं वेग वाढवला. दर खड्ड्याला तोच आवाज, दर खड्ड्याला रबराचा एक पापुद्रा कमी. मित्रांनो, आपल्याला कळतंय आणि सांगता येत नाही, यासारखं दुःख नाही.

भावडबारीचा घाट उतरलो आणि देवळ्याच्या अलीकडे टायर फुटला. मोठा आवाज झाला, गाडी डगमगली, पण प्रफुल्लनं ती सांभाळून कडेला घेतली. चालवायला तो चांगलाच होता. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यानं खाली उतरून टायर बघितला. टायरची चीर बोटभर रुंद होती आणि बरोबर मडगार्डच्या कडेच्या रेषेत होती. गोटीरामांचं बोट त्याला तेव्हा आठवलं असावं. तो मटकन बॉनेटला टेकला. "आई, जॅक घरी आहे," एवढंच म्हणाला.

सामान रस्त्यावर उतरवलं गेलं. दोन ट्रक थांबले, पण दोघांचेही जॅक-पाने त्या दिवशी पूजेत. एक जण तिकडच्या अहिराणीत म्हणाला, "पुढच्या वळणावर पंक्चरवाला शे." प्रफुल्ल धावत गेला आणि तसाच परत आला. दुकान होतं, माणूसही होता, पण तो हत्यार द्यायला तयार नव्हता. तीन वाजत आले होते. एसटी तासाभरानं होती आणि तिनं पाचच्या आत पोचणं शक्य नव्हतं.

अंजलीनं पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली. "राहू दे दादा. पुढच्या वेळी," ती म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली. अक्काबाईंनी तिच्याकडे बघितलं, पदर खोचला आणि त्या वळणाच्या दिशेनं चालू लागल्या. पुढचं मला नंतर कळलं. तो प्रसंग त्या घरात शंभरदा तरी सांगितला गेला आहे.

दुकानदाराचं नाव चिमाजी. त्यानंही पाट मांडला होता, वर जॅक आणि पाने, त्यांवर फुलं.

"माय, आज खंडेनवमी शे," तो म्हणाला. "हत्यार पूजामा ठेयेल शे. मी हात कसा लावू?"

"बरोबर हाय तुझं बाबा," अक्काबाई म्हणाल्या. "मी बी सकाळी माझ्या लेकाला हेच बोलले. माझ्यामुळंच तो जॅक घरी राहिला. पण ही पोरगी शाळेत बाई व्हायला चाललीय आन् पाच वाजता तिचं नाव कटंल. आज तिला पाटी-खडू हातात धरायचाय. तिचं हत्यार उचलायला तुझं हत्यार लागतंय रे."

चिमाजी पूजेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मना हात धजत नई. तुम्ही उचला, माय."

अक्काबाईंनी पाटाला हात जोडले. "दोष असंल तर माझ्या माथी," असं म्हणून जॅकवरची फुलं बाजूला केली आणि आयुष्यात पहिल्यांदा नवमीच्या दिवशी पुजलेलं हत्यार स्वतःच्या हातानं उचललं. मग चिमाजीही उठला. जॅक त्यानं खांद्यावर घेतला.

मला बाहेर काढलं तेव्हा ऊन डोळ्यांवर आलं. चार वर्षांत मी रस्ता पाहिला नव्हता. चिमाजीनं माझ्यावर हाताची मूठ आपटली. "हवा बराबर शे," तो म्हणाला. प्रफुल्लनं नव्या चाकाचा नट मला लावून बघितला, तो बसेना. त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात अंजलीच्या हाताला माझ्या पोकळीतलं फडकं लागलं. आत चार जुने नट होते, ग्रीस लावून ठेवलेले. प्रफुल्लनं ते फडकं नीट घडी करून खिशात ठेवलं.

नट आवळून झाले. चिमाजीकडच्या पाटावरचं चिमूटभर कुंकू अक्काबाईंनी पदराच्या टोकाला आणलं होतं. ते त्यांनी मला लावलं. "सकाळी तू राहून गेलीस गं," त्या म्हणाल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला फार भरून आलं. ते उगाच लपवत नाही.

गादी आणि बाजरी चिमाजीकडे ठेवून गाडी हलकी केली. तीन रुंद चाकं आणि एक अरुंद अशी ती लंगडत निघाली. प्रफुल्लनं वेगाचा काटा पंचेचाळीसच्या वर जाऊ दिला नाही. त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत हळू शर्यत असेल. देवळा गेलं, सटाणा गेलं. डांबर तापलेलं होतं, खडी टोचत होती आणि मी धावत होते. चार वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो. मुख्याध्यापक हजेरीची वही मिटत होते, ती त्यांनी पुन्हा उघडली. अंजलीनं सही केली. हाताला काळं ग्रीस होतं, त्याचा ठसा सहीच्या शेजारी उमटला.

पुढचं थोडक्यात सांगते. प्रफुल्ल दसऱ्यानंतर गोटीरामांकडे गेला आणि ते फडकं त्यांच्यापुढे ठेवलं. मिस्त्रींनी एकही टोमणा मारला नाही. त्यांनी गल्लीतली चार माणसं मागच्या सीटवर बसवली, बोट घालून खूण केली आणि मडगार्डची कड ठोकून आत वाकवली. एक नवा टायर आणून माझ्या जागी ते रुंद चाक पुन्हा बसवलं. ती रुंद चाकं वाईट नव्हतीच, त्यांना जागा मिळाली नव्हती. पुढच्या शर्यतीत प्रफुल्ल सातवा आला.

२००९ साली गाडी विकली. घेणाऱ्याला माझी गरज नव्हती, मी एकटीच वेगळ्या मापाची. प्रफुल्ल मला भंगारात देणार होता, तेव्हा अंजलीबाई म्हणाल्या, "दादा, ती मला दे." त्यांनी माझा टायर काढला, रिमला तार बांधली आणि मला शाळेच्या कडुलिंबाला टांगलं. हो मित्रांनो, तुम्ही रोज लोखंडी सळईनं वाजवता ती घंटा मीच.

तेव्हा दोन गोष्टी ऐका. घरी सायकल असो, ट्रॅक्टर असो, त्याचं माप ओझं लादून घ्या, रिकामं घेऊ नका. आणि पूजा जरूर करा, पण जे अंधारात पडलेलं असतं त्याचीही हवा अधूनमधून बघत जा.

रोज पहिला टोला पडतो तेव्हा अंजलीबाई आधीच फाटकात उभ्या असतात. त्यांना आजवर एकदाही उशीर झालेला नाही. टोला लागतो का, असं परवा एका मुलीनं मला विचारलं. लागतो. पण डिकीत पडून राहण्यापेक्षा बरा. जोरात मारा. बाई वाट बघत आहेत.