‘स’ची पाटी

माणूस कसा होता, हे शेवटी काळच ठरवतो. पाणीपट्टी कचेरीत मात्र हे काम काळावर सोडलेलं नव्हतं. ते पत्रबाईंकडे होतं. आणि आत्ता पत्रबाई दातओठ खात पेन्सिलीला टोक काढत होत्या, कारण या खेपेला निवृत्त होणारं माणूस त्या स्वतःच होत्या.

“बाई, तुमचं तुम्हीच करून टाका ना,” हेडक्लार्क टेबलाला टेकून म्हणाला. “तुमच्यासारखं इथं जमतंय कुणाला?”

“माझंच मी?”

“घरचंच तर काम आहे. आणि तुमचं अक्षर ‘स’. ‘स’ला काय तोटा! सोशिक, समंजस, सालस, सहनशील... मीच केलं असतं हो, पण पेंटर घाई करतोय.”

टोक तुटलं. बाईंनी पेन्सिल पुन्हा शार्पनरमध्ये घातली.

कचेरीचा रिवाज जुना होता. जाणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, त्या अक्षराची विशेषणं जमवायची आणि निळ्या पाटीवर सोनेरी रंगात लिहून घ्यायची. समारंभात पडदा सरकवून साहेब एकेक विशेषण वाचत, आणि दर विशेषणाला सभागृह टाळ्या वाजवी. मग पाटी मागच्या जिन्याच्या भिंतीवर जाई. विशेषणं शोधायचं काम बाईंच्या गळ्यात कधी पडलं हे कुणाला आठवत नव्हतं. ‘ठ’च्या पहारेकऱ्याला त्यांनी ठाम आणि ठणठणीत केलं होतं; तो महिन्याभरात अंथरुणाला खिळला, पण पाटी अजून ठणठणीत होती. ‘ढ’चा हिशेबनीस निवृत्तीआधीच नोकरी सोडून गेला, याबद्दल बाई मनोमन त्याच्या ऋणात होत्या.

त्यांचं खरं काम वेगळं होतं. नळाला पाणी नसताना बिल आलेली माणसं जी पत्रं लिहीत, त्यांना त्या उत्तरं देत; ‘पत्रबाई’ हे नाव त्यावरूनच पडलेलं. “तुमच्या साहेबाला टाकीत बुडवून मारा,” असं कुणी लिहिलं की बाई लिहीत : “आपल्या भावना पोचल्या. सूचनेची नोंद घेतली आहे.” हे वाक्य त्यांनीच बसवलं होतं. दुसऱ्यांचा राग थंड करण्यात सगळी नोकरी गेली. स्वतःचा ठेवायला कुठे जागाच उरली नाही.

आणि राग काही आजकालचा नव्हता. हल्लीचे साहेब कचेरीत आले तेव्हा त्यांना साधा अर्ज लिहिता येत नव्हता. बाईंनी शेजारी बसवून शिकवलं, अरे-तुरे करून. पुढे वरची जागा रिकामी झाली. हक्क बाईंचा होता, काम बाई करतच होत्या, जागा मात्र त्याला मिळाली. “बाई समजून घेतील, फार समंजस आहेत,” असं वर सांगितलं गेलं, आणि बाईंनी खरोखरच समजून घेतलं. त्या दिवसापासून तो ‘साहेब’ झाला आणि ‘स’च्या विशेषणांची त्यांना शिसारी बसली.

पेन्सिलीला हवं तसं टोक आलं. बाईंनी कागद पुढे ओढला. त्यांना एवढंच हवं होतं, की जाण्याआधी एकदा तरी भर सभेत कुणीतरी वाचता वाचता अडावं आणि विचारावं, बाई, हे काय? मग पुढचं त्या बोलणार होत्या. सगळं पाठ होतं.

समारंभाला धाकटी बहीण आली होती, इस्त्रीच्या साडीत, पहिल्या रांगेत. साहेबांनी पडदा सरकवला, चष्मा लावला आणि आपल्या ठेवणीतल्या आवाजात सुरुवात केली.

“संतापी!”

टाळ्या.

“सतावलेली!”

टाळ्या. मागच्या रांगेत कुणीतरी “वा!” म्हणालं.

“सडवलेली...”

साहेब थांबले. चष्म्यावरून त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. घशाशी पहिलं वाक्य येऊन उभं राहिलं.

“मागे ऐकू येतंय ना?” साहेबांनी विचारलं.

“येतंय साहेब!” मागून आवाज आला.

टाळ्या.

“सक्षम!” हे शेवटचं होतं. त्याला जरा जास्त टाळ्या पडल्या, कारण त्यानंतर चहा होता.

साहेबांनी बाईंच्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि माइक बाजूला करून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, “बाई, आपल्या भावना पोचल्या.”

उच्चार शुद्ध होता, विराम जागच्या जागी होता. शिकवताना त्यांनी जसा सांगितला होता, अगदी तसा.

“नोंद घेतली आहे,” साहेब म्हणाले, आणि चहाकडे वळले.

घराचं कुलूप काढता काढता बहिणीने विचारलं.

“ताई, तू त्या पाटीवर शिव्या लिहिल्या होत्यास?”

“विशेषणं.”

“मला मेलीला आधी वाटलं, पेंटरनेच घोळ घातला.”

“मग टाळ्या कशाला वाजवल्यास?”

“सगळे वाजवत होते! मी एकटी हात बांधून बसू? लोक म्हणाले असते, बहिणीचं हिला कौतुक नाही.”

“एकीने तरी बसायचं होतंस.”

“अगं, मग तू तरी उठायचं होतंस! माइक तर तिथंच होता.”

बाईंनी गुच्छ मोरीत बादलीत उभा केला. मग तो बाहेर काढला, आणि देठांना धरून बादलीच्या काठावर एकदा, दोनदा, पाकळ्या मोरीभर होईतो आपटला. बहीण दारात उभी राहून पाहत होती. मग ती आत जाऊन झाडू घेऊन आली.

पुढल्या आठवड्यात हेडक्लार्कचा फोन आला.

“बाई, कसं काय? आराम ना? एक गोड बातमी. साहेबांना बढती मिळाली, मुख्य कचेरीत. शनिवारी निरोप.”

“बरं.”

“तर म्हटलं, पाटीचं काय करायचं? साहेबच म्हणाले, बाईंनाच विचारा. तुमच्याशिवाय आहे कोण!”

“मी निवृत्त झालेय.”

“हो हो, ते आहेच. पण तुम्हाला येतं ना! साहेबांचं अक्षर ‘भ’. पेंटर आजच मागतोय.”

“आणि मी काही भलतंच लिहिलं तर?”

“तुम्ही?” हेडक्लार्क मनापासून हसला. “काहीतरीच हं तुमचं, बाई.”

बाईंनी पेन्सिल उचलली. ‘भ’ला खरं तर काही तोटा नव्हता. भित्रा होतं, भामटा होतं, भाडखाऊ तर होतंच होतं. समारंभाच्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ही सगळी त्यांनी ओळीने म्हणून पाहिली होती, दात आवळून.

“सांगा बाई, लिहून घेतोय.”

“भारदस्त,” बाई म्हणाल्या.