चार महिन्यांची मोकळी जागा

"मॅडम, पुस्तक छपाईला निघालंय," संपादक म्हणाले. "आणि आकडे चुकलेत तेही आपल्याच मुद्द्याच्या बाजूने. राहू द्या की."

"म्हणूनच काढायची," आई म्हणाली.

तिचा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर पायांशी धरून मी शेजारी बसले होते. आई हवेचं रसायनशास्त्र करायची. चौतीस वर्षं दर आठवड्याला टेकडीवर जायचं, वाऱ्याकडे तोंड करायचं, श्वास रोखायचा आणि कार्बन डायऑक्साइड मोजण्यासाठी काचेच्या बाटलीत हवा भरून घ्यायची. मध्येच श्वास सुटला तर बाटली बाद, कारण आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिच्यात शिरतो. शाळेच्या पुस्तकातला हवामानबदलाचा धडा तिनेच लिहिला होता. आलेखही तिच्याच बाटल्यांवरून काढलेला, महिन्याला एक ठिपका.

निवृत्तीआधीच्या हिवाळ्यात तिला खोकला जडला. सहकारी म्हणायचे, "तुम्ही बसा, आम्ही जातो." पण दुसऱ्याने भरलेली बाटली तिला पटायची नाही. त्या चार महिन्यांचे आकडे जरा चढेच आले. रेषा वर जाणारच होती, ती गेली. कुणाला शंका आली नाही, तिलाही नाही. मग गेल्या महिन्यात दवाखान्यात तपासणी करणाऱ्या मुलीने सांगितलं, "आजी, श्वास रोखा," आणि आईला पाच सेकंदही तो रोखता आला नाही. घरी येताच तिने त्या हिवाळ्याच्या वह्या काढायला लावल्या.

"लोक म्हणतील, बघा, शास्त्रज्ञही ठोकून देतात," संपादक म्हणाले.

"म्हणू देत. मुलांना घाबरवायला नाही लिहिला मी तो धडा. मोजणारा चुकतो हेच लपवलं, तर बाकीच्या आकड्यांवर त्यांनी विश्वास का ठेवावा?"

"नवा आलेख काढायला आता वेळ नाही, मग अख्खा धडाच गाळावा लागेल."

आईची निवृत्तीनंतरची तीन वर्षं त्या आठ पानांत गेली होती. मला राहवेना.

"आई, चार ठिपक्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळाचं तू मला सांगू नकोस," ती म्हणाली. संपादक हसले, ती हसली नाही. "गाळा. नाहीतर तेवढी जागा मोकळी सोडा. चुकीचे ठिपके माझ्या नावावर नकोत."

पुस्तक आलं तेव्हा आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. धडा होता. आलेखाची रेषा एके ठिकाणी तुटली होती आणि खाली छापलं होतं : 'या चार महिन्यांत मोजणी चुकली. कशामुळे चुकली असेल?'

माझ्या मुलीने पट्टी लावून ती फट पेन्सिलीने जोडून टाकली होती.

"बाई म्हणाल्या, तुटकी दिसते, जोडून घ्या. सगळ्यांनीच जोडली."

मी तिच्यासमोर खोडरबर ठेवला.

"बाई ओरडतील ना."

"ओरडल्या तर सांग, आजीने सोडलीय ती जागा."

ती बराच वेळ खोडत राहिली. मधला कागद जरा खरखरीत झाला. रेषेची दोन्ही टोकं होती तिथेच राहिली.