शकुनाचा डोळा

मानसिंगरावांनी पद्माची हनुवटी दोन बोटांनी उचलली आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"घ्या, भालचंद्रपंत. सावकाश बघून घ्या."

शेजारचे भालचंद्रपंत पायरीवर उभे होते. हिशेब कचेरीतला माणूस. इस्त्रीचा कोट, कपाळाला गंध, पायांत नव्या वहाणा. त्यांचा तबादला भोपाळला करायचा की त्यांना इथंच ठेवायचं, हे त्यांचे साहेब आज सांगणार होते. त्यांनी पद्माच्या डाव्या डोळ्याकडे, नाकाच्या बाजूला किंचित वळलेल्या त्या बुबुळाकडे पाहिलं आणि देवाला करावा तसा नमस्कार केला. आठ वर्षांची पद्मा हूं की चूं न करता उभी राहिली. तिला सवय होती.

"आज काम होणार बघा," मानसिंगराव म्हणाले.

ते मनापासून बोलत होते. पोरीचा डोळा किंचित तिरळा असणं म्हणजे लक्ष्मीचं लेणं, असं त्यांची आई म्हणत असे, आणि आईचं बोलणं खोटं ठरवायला मानसिंगरावांना आयुष्यात कधी कारण मिळालं नव्हतं. ते संस्थानच्या घोडदळात, रिसाल्यात दफेदार होते. पद्मा जन्मली त्या साली संस्थान मध्यभारतात गेलं, आणि पुढं रिसालाही मोडला. शिंदे की छावनी या त्यांच्या मोहल्ल्यातले भलेभले स्वार पागोटं खुंटीला टांगून घरी बसले. मानसिंगराव मात्र निवडीच्या दिवशी लेकीचं तोंड बघून निघाले आणि पोलिसात भरती होऊन परत आले. झालं! तेव्हापासून छावनीत कुणाची परीक्षा असो, मुलाखत असो की कोर्टातली तारीख, माणूस आधी मानसिंगरावांच्या दारात यायचा. तेही आल्यागेल्याला चहा पाजायचे. पोरीचं कौतुक कोणत्या बापाला नको असतं?

यंदा तर ये-जा फारच वाढली होती. दिवाळीच्या तोंडावर नवं मध्यप्रदेश राज्य होणार होतं, कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या, आणि सगळी छावनी देव पाण्यात घालून बसली होती. पोलिसांच्याही नेमणुका नव्यानं व्हायच्या होत्या. मानसिंगराव स्वतः रोज सकाळी, कुणाला दिसणार नाही असं, लेकीच्या तोंडाकडे एकदा बघूनच पट्टा कसत.

पंत ओसरीवर येऊन बसले. पद्माच्या आईनं, विजयाबाईंनी, आतून चहा पाठवला. पद्मानं कपबशी दोन्ही हातांनी धरून आणली, वाकली आणि पंतांच्या समोरच्या तिवईवर ठेवली. म्हणजे तिला तसं वाटलं. कपबशी तिवईच्या कडेबाहेर सुटली आणि सगळा चहा पंतांच्या धोतरावर सांडला.

"अगं, हे काय करून राहिली आहेस!" मानसिंगराव ओरडले.

"असू द्या, असू द्या," पंत धोतर झटकत म्हणाले. "लक्ष्मीच्या हातचं आहे. हासुद्धा शकुनच म्हणायचा." आणि धोतर बदलायला लगबगीनं घरी गेले.

पद्मा फुटक्या बशीचे तुकडे वेचायला खाली बसली. एक तुकडा उचलायला तिनं हात घातला, तो अलीकडेच पडला. मग तिनं बोटांनी चाचपत तो पकडला. दारात उभ्या असलेल्या विजयाबाईंनी ते पाहिलं. त्या पुढं आल्या आणि तिचे हात बाजूला केले.

"काचेला हात नको लावू, बेटा. आत जा."

पोर आत गेल्यावर त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज हिला डॉक्टरकडे न्यायची."

"नव्या राज्याची पहिली तारीख होऊन जाऊ दे गं. एवढी नेमणूक झाली की मग..."

"मागं तुमची बढती व्हायची होती. त्याच्या आधी नोकरी पक्की होण्याची ऑर्डर यायची होती. तुमचं मग कधी आलंय? तुम्ही येत नसाल तर मी एकटी नेते."

विजयाबाई लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी नवऱ्याशी कधी या सुरात बोलल्या नव्हत्या. मानसिंगरावांनी टोपी काढून ठेवली आणि टांगा आणायला गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना स्टेशनजवळ पडाव भागात होता. डॉक्टर हिंदी बोलणारे, वयस्क, मवाळ गृहस्थ होते. त्यांनी पद्माला उंच स्टुलावर बसवलं, तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि समोर बोटं धरली.

"बताओ बेटी, कितनी हैं?"

पद्मानं मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला.

"मालूम नहीं."

डॉक्टर बोटं जवळ जवळ आणत गेले. अगदी नाकाशी आली तेव्हा ती म्हणाली, "दो... शायद."

मानसिंगरावांना हसू आलं. पोर घाबरली असेल, त्यांना वाटलं. "पद्मा, नीट बघून सांग की," ते म्हणाले.

"नीटच बघते आहे, आबा."

डॉक्टरांनी दिवा लावून, भिंग धरून बराच वेळ तपासलं. मग मानसिंगरावांना खिडकीशी घेऊन गेले.

"आँख में बीमारी कोई नहीं है. बस, इस आँख ने देखना सीखा ही नहीं. सारा काम दूसरी करती रही, यह बैठी रही."

"चष्मा द्या साहेब. चांगला महागातला द्या."

"सिर्फ़ चश्मे से नहीं होगा. पाँच-छह साल की थी तब लाते, अच्छी आँख पर पट्टी बाँधकर इससे देखने की आदत डालते, तो शायद बन जाती. किसी ने बताया नहीं आपको?"

सांगितलं होतं. पद्मा पहिलीत असताना तिच्या शिक्षिका शामलाबाई मुद्दाम घरी आल्या होत्या. पोर पुस्तक तिरकं धरते, तिचा एक डोळा काम करत नसावा, लहानपणी पट्टी लावली तर सुधारतो, असं सगळं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मानसिंगरावांनी ते हसण्यावारी नेलं होतं. बाई गेल्यावर शेजाऱ्यांना नक्कल करून दाखवली होती, आणि ते सगळे पोट धरून हसले होते. ते हसू आठवलं तशी मानसिंगरावांना स्वतःची किळस आली. घोड्याच्या डोळ्याला पाणी आलं तरी ते रात्र रात्र तबेल्यात बसलेले होते. नालबंदाला, घोड्यांच्या वैद्याला, सलोत्र्याला झोपेतून उठवून आणलं होतं. आणि घरात पोरीचा डोळा बसून गेला, तेव्हा ते शेजाऱ्यांना त्याचं दर्शन घडवत होते!

"आता काहीच नाही होणार?" विजयाबाईंनी विचारलं. त्या केव्हा मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलं नव्हतं.

"पट्टी आज से शुरू करते हैं. रोज़ कुछ घंटे. थोड़ा फ़र्क पड़ सकता है. ज़्यादा उम्मीद मत रखिए."

डॉक्टरांनी पद्माच्या उजव्या डोळ्यावर कापूस ठेवला आणि वरून चिकटपट्टी घट्ट बसवली. ती स्टुलावरून उतरली ती विजयाबाईंचा पदर धरूनच. दवाखान्याच्या पायऱ्या तिनं पायानं चाचपत उतरल्या. मानसिंगराव पुढं झाले आणि त्यांनी तिला उचलून टांग्यात ठेवलं. इतकी मोठी झाल्यावर त्यांनी तिला उचललं नव्हतं.

टांगा पडावातून बाहेर पडला. विजयाबाई पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होत्या. पद्मा दोघांच्या मध्ये ताठ बसून होती.

"पद्मा," मानसिंगरावांनी विचारलं, "त्या डोळ्यानं दिसत नाही, हे तुला कळत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"लपाछपी खेळताना मी एक डोळा झाकून बघायची ना, चोरून. उजवा झाकला की सगळे गायब व्हायचे." ती जराशी हसली. "मला मालूम होतं, आबा."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस, बाळ?"

टांगेवाल्यानं घोड्याला चुचकारलं. मग पद्मा खाली मान घालून, गुन्हा कबूल करावा तशी म्हणाली,

"शामलाबाई आल्या होत्या तेव्हा मी दारामागं होते. तुम्ही त्यांना म्हणालात, या डोळ्यावर माझ्या घरची चूल पेटते. तो सरळ झाला की दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली समजा."

मानसिंगराव तिच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बघत राहिले.

"मला एका डोळ्यानं दिसतं ना," पद्मा त्यांची समजूत घालत म्हणाली. "अभ्यास होतो. नंबरसुद्धा येतो. म्हणून म्हटलं, तो तुमच्यासाठी राहू दे."

विजयाबाईंच्या तोंडून हुंदका निघाला. पद्मा त्या आवाजानं दचकली. तिनं चाचपून वडिलांचा हात शोधला, दोन्ही हातांनी धरला आणि कापसाच्या बोळ्याखालचा तो इवलासा चेहरा त्यांच्याकडे वर केला.

"आबा, आता ही पट्टी लावली, म्हणून तुमची नोकरी जाईल का?"

मानसिंगरावांनी जोरजोरानं नुसती मान हलवून नाही म्हटलं.

पद्मा उत्तराची वाट पाहत राहिली.

"सांगा ना, आबा," ती म्हणाली.